उशिरा पडलेला वाटाणा

लोणावळ्याच्या बाजारात फकरुद्दीन कल्हईवाल्याच्या दुकानाचं दार ढकललं, की आभाळ गडगडायचं. लाकडाच्या फळीऐवजी त्यानं दाराला पुरुषभर उंचीचा पातळ लोखंडी पत्रा टांगला होता. नवं गिऱ्हाईक हातात तपेलं घेऊन आत शिरे, पत्रा थरथरे, आणि माणूस दचकून आधी वर बघे. आतून भात्याशी बसलेला फकरुद्दीन म्हणे, "या या, घाबरू नका. पाऊस अजून पडद्यामागंच आहे."

पत्रा नाटक कंपनीचा होता. १९१२ च्या उन्हाळ्यात एक कंपनी लोणावळ्याला महिनाभर कनात ठोकून बसली होती. मुंबईची धनिक मंडळी त्या दिवसांत हवापालटासाठी बंगल्यांवर आलेली असत, त्यामुळे थंड हवेत खेळही होत आणि उत्पन्नही. कंपनीच्या भटारखान्यातली भांडी कल्हईला आली ती फकरुद्दीनच्या बापाकडे. मॅनेजर भांडी न्यायला आले तेव्हा बावीस वर्षांचा फकरुद्दीन एक पत्रा हलवून, त्यातला पोचा कुठं आहे ते कान लावून ऐकत होता. मॅनेजरांचा ढग गडगडवणारा माणूस तापानं आडवा झाला होता. ते दारातच थबकले.

"मुला, असंच जरा जोरात जमेल? रात्री राजवाड्यावर वीज पाडायची आहे."

वीज पडली. अशी पडली, की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नवऱ्याला छत्री आणलीत का म्हणून विचारलं. महिन्यानं कनात उतरली तेव्हा सामानाच्या गाडीवर फकरुद्दीनही बसलेला होता.

एकोणीस वर्षं तो पडद्यामागं राहिला. समोर रंगलेले चेहरे, पेट्रोमॅक्सचा झगझगाट, अत्तराचा वास. मागं अंधारात हा आणि याचा पसारा. करवंट्यांचे घोडे, वाळूच्या पोत्याचं प्रेत, दोन विळ्यांचं द्वंद्वयुद्ध. राजा मेला की टाळ्या राजाला मिळत. फकरुद्दीनची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. "राजा पडतो पुढं," तो म्हणायचा, "पण मरतो माझ्याकडं."

पुढं बोलपट आले आणि कंपनी बसली. सगळे जण आपापलं काही उचलून घरी गेले. कुणी मुकुट नेला, कुणी पेटी. फकरुद्दीननं पत्रा मागून घेतला, लोणावळ्याला आला आणि बापाच्या भात्याशी बसला.

१९४३ सालच्या थंडीत स्टेशनासमोरच्या गेणूशेठच्या हॉटेलात रेडिओ आला. त्याची तार मागच्या जांभळीला बांधली होती. संध्याकाळी लढाईच्या बातम्या ऐकायला गर्दी व्हायची. बातम्या संपल्या की लोक उठून जात. पण एका बुधवारी बातम्यांनंतर निवेदकानं सांगितलं, की आजपासून दर बुधवारी सव्वासातला 'आकाशगनीम' नावाची श्रुतिका सहा भागांत सादर होईल. कुणी उठायच्या आत पेटीतून ढोल वाजू लागले, रानटी आरोळ्या उठल्या, आणि सगळे जागच्या जागी बसले.

गोष्ट अशी होती. समुद्रात एक बेट. तिथं अंगाला राख फासणारी, केसांत हाडं खोवणारी टोळी. शेजारच्या टोळीची मुंडकी आणणं हाच त्यांचा उद्योग. एक दिवस आभाळातून धातूचं भलंमोठं अंडं पडतं आणि त्यातून दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरचे प्राणी बाहेर येतात. त्यांच्या हाती जाळणारा उजेड, आणि यांच्या हाती भाले नि बाण.

"शेठ, हे गनीम म्हंजी जपानी का जर्मन?" नथूनं विचारलं. नथू रेल्वेत पॉइंटमन होता आणि बशीत चहा ओतून फुर्रकन पिणाऱ्यांत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

"न्हाई रं. मंगळाच्या बी पल्याडचं हायेत," गेणूशेठ म्हणाला.

"मंग त्यांला मराठी कसं येतंय?"

"तू च्या पी."

"पर भाल्यानं काय व्हनार? वरनं धोंडं लोटा म्हनावं! राजमाचीवरनं लोटायचं तसं!"

फकरुद्दीन कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता. हॉटेलच्या हंड्यांना तो कल्हई करून देई, म्हणून तो कोपरा त्याचा. बाकीच्यांना बेट दिसत होतं. त्याला मुंबईतली एक खोली दिसत होती आणि त्या खोलीत घाम पुसत धावणारी माणसं. अंडं आदळलं, तेव्हा त्यानं ओळखलं, पालथ्या हंड्यावर साखळी टाकलीय. परग्रहावरचा सरदार बोलला, तेव्हा सगळ्या हॉटेलच्या अंगावर काटा आला आणि हा मोठ्यानं म्हणाला, "वा! काय घागर आहे!"

"कसली घागर?" नथू वैतागला.

"घागरीत तोंड घालून बोलतोय तो. तांब्याची आहे. पितळेची एवढी घुमत नाही."

"फकरूभाई, तुमी एक तर ऐका, न्हाई तर आमाला ऐकू द्या."

बारा वर्षांत फकरुद्दीन इतका खूश झाला नव्हता. पेल्याच्या काठावर फिरणारं ओलं बोट म्हणजे तो जाळणारा उजेड. ओल्या फडक्याचे फटके म्हणजे त्या प्राण्यांचे पाय. कुणीतरी, कुठंतरी, अजून हे काम जीव लावून करत होतं. पहिल्या भागाच्या शेवटी टोळीनं अंड्यावर बाणांचा पाऊस पाडला. म्हणजे सुपात घोळवलेले वाटाणे. मस्त, भरगच्च पाऊस. मग एकदम शांतता.

आणि त्या शांततेत, एका श्वासाएवढ्या उशिरानं: टप्.

फकरुद्दीननं डोळे उघडले. हातातला चहा गार होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

असा उशिरा वाटाणा पाडणारा माणूस त्यानं आयुष्यात एकच पाहिला होता.

रखमाजी उर्से गावचा. शेतकऱ्याघरचा पोरगा. कंपनीचा मुक्काम तळेगावला असताना पडदे ओढायला म्हणून आला आणि फकरुद्दीनचा उजवा हात झाला. खरं तर डावा हात म्हणायला हवं. रखमाजी डावखुरा होता. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्याचं डावं मनगट वाकडं बसलं होतं. त्या वाकड्या मनगटानं सूप कललं, की सगळे वाटाणे एका बाजूला जात, पण एखादा सुपाच्या विणीत अडकून राही. सगळं शांत झालं, की मग तो सुटे. टप्.

"रखमा, तुझा वाटाणा!" फकरुद्दीन रोज खेकसे.

"भाऊ, त्यो माझं आयकतच न्हाई. ल्हानपनापास्नं असाच हाय."

दोघं एका ताटात जेवत, एका घोंगडीत झोपत. आणि मग १९२६ साली सोलापूरला तो खेळ झाला. तुडुंब थिएटर. बाणांच्या वर्षावात सेनापती कोसळतो, त्याची बायको धावत येते, तोंडातून शब्द फुटत नाही. एवढ्या मोठ्या थिएटरात सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि टप्. वरच्या गॅलरीतून आवाज आला, "अजून एक ऱ्हायला होता वाटतं!" सगळं थिएटर खो खो हसलं. सेनापतीचं प्रेतसुद्धा हललं.

पडदा पडताच फकरुद्दीननं सगळ्या कंपनीसमोर रखमाजीच्या तोंडात मारली. नट होते, आचारी होते, पोशाखवाल्या बाया होत्या. रखमाजीनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला. फकरुद्दीनला वाटलं, सकाळी येईल. तो त्या सकाळी आला नाही, कंपनीत कधीच परतला नाही, आणि उर्श्यालाही गेला नाही.

ते फकरुद्दीनला पक्कं ठाऊक होतं, कारण लोणावळ्याला परतल्यापासून कल्हईच्या फेरीत दर वर्षी तो उर्श्याला जात असे. रखमाजीची आई, झुंबरबाई, भांडी घेऊन येई. तीन-चार तपेली, आणि सगळ्यात शेवटी पदराखालून एक पितळी. रखमाजीची, जेवायची. तिच्यात कुणी जेवत नसे, त्यामुळे तिची कल्हई कधी जातच नसे. तरी म्हातारी दर वर्षी आणी आणि फकरुद्दीन दर वर्षी ती नव्यानं उजळून देई. यंदा लढाईपायी कथील मिळता मिळत नव्हतं, तरी दिली.

"माज्या रखमाचा काय ठाव लागला का रं, फकरू?"

"न्हाई, मावशी."

एवढंच बोलणं. तो का गेला, ते तिनं कधी विचारलं नाही. आणि यानं कधी सांगितलं नाही.

आता तो वाटाणा. पण एका वाटाण्यावर म्हातारीच्या जिवाला आशा कशी लावायची? एखाद्या दुसऱ्याच गड्याच्या हातून चुकून पडला असेल तर? खात्री हवी होती. पुन्हा एकदा ऐकायला हवं होतं.

पुढच्या बुधवारी तो रेडिओला कान लावून बसला. टोळीनं बाण सोडले, पाऊस थांबला, शांतता आली, आणि नेमकी त्याच वेळी घाट चढून आलेली मालगाडी मागच्या दोन इंजिनांसकट शिट्ट्या मारत स्टेशनात शिरली. कपबशा खडखडल्या. फकरुद्दीननं कपाळावर हात मारला.

तिसऱ्या भागात तर टोळीनं खरोखरच कड्यावरून धोंडे लोटले. त्यामागून बाण. पाऊस थांबायला आणि नथू बाकावर उभा राहायला एकच गाठ पडली. "सांगितलं व्हतं का न्हाई! धोंडं लोटा म्हनलं व्हतं का न्हाई! माझं आयकलं बघा मुंबैवाल्यांनी!"

"नथ्या, खाली बस!" फकरुद्दीन असा ओरडला, की जुनी वीज पुन्हा पडल्यासारखं झालं. सगळे गप्प झाले, पण वेळ गेली होती.

त्या दिवशी घरी तो ताटावरून तसाच उठला. बायकोनं, जैतुनबीनं, विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मारल्याचंही. जैतुनबीनं हातातली पळी खाली ठेवली.

"बारा वर्षं त्या बाईची पितळी उजळताय, आणि हे पोटात ठेवलंत?"

"कसं सांगणार?"

"तोंडानं. मारताना हात उचलला होता ना? तेवढंच जड आहे ते."

चौथ्या बुधवारी फकरुद्दीननं आधीच हॉटेलात सगळ्यांना हात जोडले. का ते सांगितलं नाही. फक्त म्हणाला, बाण थांबले की चार श्वास गप्प राहा. लोक राहिले. नथूनं तर बशी हवेत धरून ठेवली. टप्. स्वच्छ, गोल, उशिराचा. ते मनगट दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड लिहिलं. कंपनीच्या प्रॉम्प्टरनं त्याला बाळबोध लिहायला शिकवलं होतं. पत्ता घातला: 'रखमाजी, पावसाचा आवाज काढणारे, नभोवाणी, मुंबई.' मजकूर एवढाच:

'रखमा, तुझा वाटाणा ऐकला. सोलापुरात मी चुकलो. तुझी आई आहे, वाट बघते. तुला लिहायचा कंटाळा, हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर लिहू नको. शेवटच्या भागात एकच वाटाणा पडला, तर तू आहेस एवढं मी समजेन. दोन पडले, तर राग गेला असं समजेन. फकरुद्दीन.'

पाचव्या भागात बाणच नव्हते. टोळी गुहेत लपली होती आणि नुसतं बोलणं चाललं होतं. लोकांना तो भाग फार आवडला, कारण टोळीनं अंगाला चिखल फासून त्या प्राण्यांना चकवायची युक्ती काढली होती. फकरुद्दीनला एक शब्द आठवत नव्हता. कार्ड पोचलं असेल का? आणि पोचूनही एकच पडला तर?

"तिला आधी सांगायचं की नंतर?" त्यानं जैतुनबीला विचारलं.

"तिच्या लेकाचं ऐकायचं का नाही, ते तिनं ठरवायचं. तुम्ही कोण ठरवणार?"

शेवटच्या बुधवारी सकाळी तो उर्श्याला गेला. झुंबरबाई अंगणात तांदूळ पाखडत होती.

"फकरू? कल्हईचं दिस तर झालं की. आज कसा काय?"

"मावशी, रखमाचं ऐकलं."

सूप थांबलं. "काय म्हनला?"

"बोलला न्हाई. वाटाणा पाडला."

ऊन लागलेल्या माणसाकडं बघावं तसं म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. मग फकरुद्दीन खाली मातीत बसला आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. रेडिओ, बाण, सूप. सोलापूर. हसणारं थिएटर. आणि ती थप्पड. बोलताना त्यानं मान वर केली नाही.

"जोरात मारलीस?"

"व्हय, मावशी."

"समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं."

झुंबरबाईनं सुपातले तांदूळ डब्यात ओतले, डब्यावर झाकण घातलं, आणि उठली. "मंग माजी बी एक तुज्यावर ऱ्हायली. पर आदी माझ्या लेकाचं आयकू दे. मंग बघते तुज्याकडं."

तिनं घरात जाऊन गाठोडं बांधलं. भावकीतल्या एकानं बैलगाडी जुंपून दोघांना तळेगाव स्टेशनापर्यंत सोडलं. पुढं आगगाडीत ती खिडकीशी बसली. बाहेर लोहगड-विसापूर सरकत गेले तिकडं बघत राहिली.

एव्हाना हॉटेलात सगळ्यांना कळलं होतं. जैतुनबीनंच गेणूशेठला सांगितलं होतं. रेडिओजवळचं बाक पुसून ठेवलेलं होतं. म्हातारीच्या शेजारी जैतुनबी बसली. नथूनं हॉटेलातल्या सगळ्या बशा गोळा करून मागं नेऊन ठेवल्या होत्या आणि दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "च्या कपातनंच प्यायचा. आवाज केला तर गनीम समजंन."

"आन् मालगाडी?" कुणी विचारलं.

"खंडाळ्याला हाय. अर्ध्या तासाच्या आत न्हाई येत. इचारून आलोय."

ढोल वाजले. शेवटची लढाई सुरू झाली. चिखल फासलेले योद्धे सरपटत अंड्याभोवती जमले. पेल्याच्या काठावरचा उजेड किंचाळत फिरला आणि त्याला कुणी दिसलं नाही. घागरीतला सरदार गरजला. झुंबरबाईला यातलं काही समजत नव्हतं. "ह्ये कोन वरडतंय?" तिनं एकदा हळूच विचारलं. "ते वाईट लोक, मावशी," जैतुनबी म्हणाली. "मंग मरूं द्या," म्हातारी म्हणाली.

टोळीच्या म्होरक्यानं आरोळी ठोकली आणि बाण सुटले. सगळं हॉटेल वाटाण्यांच्या पावसात भिजून निघालं. फकरुद्दीनचं लक्ष रेडिओकडे नव्हतं. ते म्हातारीकडे होतं. तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला होता. मनगट हवेत वळत होतं, पाखडल्यासारखं, त्या पावसाच्या ठेक्यात.

"डाव्या हाताचा हाय," ती पुटपुटली. "म्याच शिकवलंय पाखडायला."

सरदार कोसळला. पाऊस थांबला. एक श्वास गेला.

टप्.

कुणी हललं नाही. नथूनं तोंडावर हात दाबून धरला होता. आता विजयाचे ढोल वाजायला हवे होते. खेळाची रीत तीच होती. फकरुद्दीननं मनात मोजलं: एक, दोन. ढोल वाजवणाऱ्यांनीही जणू हात रोखून धरले होते. तीन.

टप्.

हा विणीत अडकलेला वाटाणा नव्हता. अडकलेला घरंगळत येतो, त्याला आधी सुपाची किंचित खरखर असते. हा वरून, दोन बोटांतून, जाणूनबुजून सोडलेला होता.

मग ढोल वाजले. बेटावर जल्लोष झाला. हॉटेलात त्याहून मोठा झाला. नथू बाकावर चढून नाचत होता आणि गेणूशेठ त्याला उतरवायच्या ऐवजी टाळ्या पिटत होता. फकरुद्दीन लहान मुलासारखा जमिनीवरच बसला होता आणि खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसत होता. कल्हईची काजळी सगळ्या गालांवर पसरली होती.

झुंबरबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. त्याच्यासमोर आली आणि तिनं त्याच्या गालावर एक चापट मारली. पोराला अंघोळ घालताना हलू नको म्हणून मारतात तेवढी. तिच्या बोटांना काजळी लागली.

"झालं," ती म्हणाली. "आता ऊठ. मुंबैची गाडी कवा हाय?"

"आता न्हाई आजी, सकाळच्याला," नथू म्हणाला.

"म्या नेतो, मावशी. आज घरी चला आमच्या," फकरुद्दीन उठत म्हणाला.

त्यानं तिचं गाठोडं उचललं. आत काहीतरी खणखणलं. तो आवाज त्याला ऐकताच ओळखू आला. एवढी वर्षं दर वर्षी त्यानं ती पितळी आपल्या हातांनी उजळली होती.

"मावशी, पितळी कशाला घेतलीत बरुबर?"

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं, की एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये.

"मंग त्यो जेवंल कशात?"